प्रोसेसर निजवणाऱ्या दयानंदाच्या स्थळाबाबत

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

लातूर, पौष शुद्ध पंचमी

तीर्थस्वरूप वीरण्णादादा यांस,

धाकटी बहीण शिवकांता हिचे शरणु आणि साष्टांग नमस्कार.

मुदखेडहून एसटीच्या पार्सलने पाठवलेलं सगळं पोचलं. हळद पाच किलो, वजनात बरोबर. केळीचा घड एक, त्यातल्या वरच्या दोन फण्या वाटेत काळ्या पडल्या (शिकरण केलं, वाया काही गेलं नाही). गुलाबाची कलमं दोन, त्यातलं एक जगेल. सिंधुवहिनींनी दिलेली शेवयांची पिशवी एक, तिचं तोंड इतकं पक्कं शिवलं होतं की उसवायला सुई मोडली. पार्सलचं भाडं तुम्ही भरलं होतं तरी इथला हमाल दहा रुपये मागून राहिला होता. आठ दिले. ते तुमच्या नावावर मांडलेले नाहीत, बहिणीने भावाच्या नावावर हमाली मांडू नये, पण आपलं माहीत असावं म्हणून लिहिलं.

तुमच्या गुडघ्याचं कसं काय आहे? त्या डॉक्टरने ऑपरेशन सांगून तीन दिवाळ्या झाल्या आणि तुम्ही "विचार करून कळवतो" म्हणून आलात, ते अजून कळवलेलं नाही असं वहिनी म्हणाल्या. वहिनींनी मीठ कमी केलं का? इकडे यांचा खोकला अडुळशाने उतरला. वरच्या खोल्यांत या साली बारावीच्या चार पोरी आहेत, दोघी किनवटच्या, दोघी मुदखेडकडच्याच. शिवाय क्लासमध्ये फिजिक्स शिकवणारी आपली पुनम. आपली असं आत्ताच लिहिणं योग्य की नाही, ते या पत्राच्या शेवटापर्यंत ठरायचं आहे.

फोन न करता पत्र का, तर फोनचा विषय पुढे येणारच आहे आणि तो आला की तुम्हालाही पटेल.

गुडघ्यामुळे तुम्हाला रविवारी येता आलं नाही म्हणून झालं तसं सगळं लिहिते. हा बघण्याचा कार्यक्रम आधीच उलटा. मुलगी, म्हणजे पुनम, माझ्याच माडीवर राहते, तेव्हा अहमदपूरहून तिचे आईवडील आले ते मुलगा बघायला. वडील गुरुबसप्पा, स्वतः शेती करणारे, कमी बोलणारे, बोलले की खणखणीत. आई केवळाबाई, त्या दोघांच्या वाटचं बोलतात. सकाळीच लिंगपूजा उरकून मी सुशीला केला (चुरमुरे बाजारातून आणलेले, पसाभर पुरे झाले असते पण पाहुणे म्हणून जास्त भिजवले) आणि दयानंद बेंगळुरूहून रात्रीच्या गाडीने येऊन अंघोळ करून तयार बसला. शर्ट इस्त्रीचा होता. एवढं त्याच्याकडून कधी अपेक्षिलं नव्हतं.

आता मुख्य अडचण. गुरुबसप्पांनी मागेच निरोप पाठवला होता की मुलगा कंपनीत आहे हे कळलं, पण कंपनीत काय करतो. हा प्रश्न मी तुम्हाला विचारला, तुम्ही म्हणालात कॉम्प्युटरचं काहीतरी. मग मी दयानंदालाच फोनवर विचारलं तर तो म्हणाला, "आत्या, मी प्रोसेसरला झोपवतो." दादा, हे मी त्या माणसाला कसं सांगू? शेतकऱ्याच्या घरात, जिथे कोंबडा आरवायच्या आत बैल सोडतात, तिथे जाऊन सांगायचं की मुलाला झोपवण्याचा पगार मिळतो. तेव्हा शनिवारी आल्या आल्या त्याला तुरीच्या शेंगा सोलायला बसवलं आणि सगळं नीट वदवून घेतलं. मी मॅट्रिक असले तरी समजून घेतल्याशिवाय पुढे जात नाही. तुम्हालाही कळावं म्हणून लिहिते, मुलाचा बाप आहात, कुणी विचारलं तर "काहीतरी" म्हणू नका.

कॉम्प्युटरच्या पोटात प्रोसेसर असतो, सगळं काम तोच करतो, हे तुम्हाला माहीत असेल. पण तो बहुतेक वेळ रिकामाच असतो. आपण एक अक्षर दाबून दुसरं दाबेपर्यंतसुद्धा तो रिकामा असतो (तुमच्यासारख्याने टाइप केलं तर त्याची चांगली विश्रांती होईल). पूर्वी काम नसलं की तो जागच्या जागी गोल फिरत बसायचा, म्हणजे वर भांडं नाही आणि गॅस चालू. बॅटरीवरच्या यंत्राला हे परवडत नाही. म्हणून काम नसलं की त्याला निजवायचं. पण निजण्याच्याही पायऱ्या आहेत. पहिली नुसती डोळे मिटण्याची, हाक आली की लगेच उठला. दुसरी जरा खोल. शेवटच्या पायरीला त्याची वीजच काढून घेतात. त्याआधी त्याच्या हातात जे काही असेल ते खाली ठेवायला लावतात, आणि उठला की ते परत गोळा करायचं. खोल पायरीत बचत जास्त, पण उतरायला आणि चढायलाच खर्च येतो आणि वेळ लागतो. तेवढ्यात कुणी उठवलं तर बचत सोडा, पदरचे गेले.

हे मला ताबडतोब कळलं, कारण आपला अंघोळीचा बंब. एक पोरगी न्हाऊन गेली आणि दुसरी लगेच येणार असली तर मी लाकूड बाहेर ओढत नाही, धुमसू देते. विझवून परत पेटवायला रॉकेल आणि फुंकर दोन्ही लागतात. पण दुसरी दुपारी येणार असेल तर विझवलेलाच बरा. प्रश्न एवढाच की दुसरी कधी येणार हे आधी कळायला हवं. दयानंद म्हणाला, अगदी हाच प्रश्न. तो अंदाज बांधणारा भाग वेगळा असतो. पुढचा ठरलेला गजर कधीचा आहे आणि मागच्या काही खेपांना किती वेळात हाक आली होती, हे बघून तो सांगतो की या पायरीला न्या. आणि प्रत्यक्ष नेणारा भाग वेगळा, त्याला ड्रायव्हर म्हणतात (एसटीचा नव्हे, मीही आधी तेच समजले). ठरवणारा वेगळा, निजवणारा वेगळा. निजवणाऱ्याला त्या यंत्राची खोड माहीत असते: पायऱ्या किती, कुठल्या पायरीवरून उठायला किती वेळ लागतो, आणि निदान किती वेळ निजला तर ती पायरी परवडते. आपला दयानंद हा निजवणारा भाग लिहितो. सारखा नवा प्रोसेसर निघतो, त्याच्या खोडी नव्या, म्हणून नोकरी पक्की. हे शेवटचं वाक्य मी मुद्दाम वदवून घेतलं.

अजून एक खोच त्याने सांगितली, ती पुढे लागते म्हणून लिहिते. प्रत्येक प्रोसेसरचा स्वतःचा गजर असतो. पण अगदी खालच्या पायरीला वीज गेली की तो गजरही त्याच्याबरोबर बंद पडतो. मग उठवणार कोण? तर खाली उतरण्याआधी तो गजर दुसऱ्या जाग्या घड्याळाकडे सोपवायचा, आणि असं करावं लागतं ही खूण निजवणाऱ्याने त्या पायरीपुढे करून ठेवायची. मला आमच्या पलीकडच्या सालेहाभाभींची आठवण झाली. पोरींना पहाटेच्या क्लासला मी उठवते. पण मला ताप असला की आदल्या संध्याकाळीच भाभींना सांगून ठेवते. त्या उठतात ते नमाजासाठी, आमच्यासाठी नव्हे, तरी जाता जाता भिंतीवर दोन थापा मारतात आणि चार पोरींचं वर्ष वाचतं. हे सांगितल्यावर दयानंद "हो, असंच" म्हणाला आणि शेंगा सोलत राहिला. एकंदर फार बोलका नाही, हे तुमच्यावर गेलं.

तर रविवारी पाहुणे आले, चौरंगाशी बसले, सुशीला झाला. पुनम चहा घेऊन आली. (रोज माझ्या स्वयंपाकघरात स्वतः चहा करून घेणारी मुलगी, त्या दिवशी मान खाली घालून कप ठेवून गेली आणि दारामागे जाऊन हसली, मी पाहिलं.) गुरुबसप्पांनी कप बशीत ओतून विचारलं, "तर तुमचं काम काय म्हणायचं?" दयानंदाने पिशवीतून एक हिरवी पाटी काढली, परातीतल्या वडीएवढी, तिच्यावर तारा आणि एक चिमुकला पडदा, पडद्यावर सेकंदाचं घड्याळ पळत होतं. तो म्हणाला हे आमचं नवं, अजून बाहेर आलेलं नाही. आणि सांगायला लागला, शनिवारी मी वदवून घेतलं होतं त्याच क्रमाने. गुरुबसप्पा ऐकत होते. बंबाचं उदाहरण मी मध्ये घातलं, ते केवळाबाईंना फार आवडलं. म्हटलं, जमतंय.

इतक्यात वीज गेली. म्हणजे जायचीच होती, ती तिची ठरलेली वेळ, लातुरात शेंबड्या पोराला माहीत आहे, बेंगळुरूच्या माणसाला माहीत नव्हती. दयानंद म्हणाला काही हरकत नाही, याला बॅटरी आहे, आणि त्याने सगळ्या तारा काढून पाटी मोकळी केली. "आता बघा, काम नाही, आता हा खोल जाईल." आणि तो खरंच खोल गेला. पडद्यावरचं घड्याळ थांबलं. आधी आम्हाला वाटलं असंच असतं, आम्ही कौतुकाने बघत राहिलो. पण दयानंदाचा चेहरा उतरला आणि तो पाटीवर असा वाकला की समोर भावी सासरा बसलाय याचं भान गेलं. केवळाबाई म्हणाल्या, "झोपलं का लेकरू?" त्याने ऐकलंही नाही.

आणि इथे तुमचा प्रवेश होतो, दादा.

आमच्याकडे भूकंपाच्या सालापासून लोखंडी कपाटावर तांब्या उपडा असतो, त्यावर फुलपात्र, फुलपात्रावर चमचा. जमीन हलली की आधी चमचा पडतो, मग सगळं. पंधरा वर्षं झाली, रोज पूजेनंतर मी तो पुसून परत रचते. लातुरात निम्म्या घरांत असं काहीतरी असतंच. आता माझ्या मोबाईलला रेंज फक्त त्याच कपाटावर येते. आणि पाहुण्यांपुढे वाजू नये म्हणून मीच दयानंदाकडून त्याचा आवाज बंद करून घेतला होता. आवाज बंद केला की तो थरथरतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. तुम्हाला राहवलं नाही आणि कार्यक्रम कसा चाललाय हे विचारायला तुम्ही फोन लावलात. मोबाईल कपाटाच्या पत्र्यावर थरथरला, पत्रा गुरगुरला, चमचा पडला, फुलपात्र पडलं, तांब्या पडला.

पुढचं कुणी ठरवून केलं नाही. गुरुबसप्पा बशीसकट अंगणात. केवळाबाईंनी एका हाताने लेकीला धरलं आणि दुसऱ्या हाताने मला. हे, जे वीजबिल भरायला उठा म्हटलं तर अर्धी सकाळ लावतात, ते ओट्यावरून उडी मारून सगळ्यांत पुढे. (खोकला होता त्यांना.) वरच्या चौघी पोरी पुस्तकं छातीशी धरून खाली. आमचा कल्ला ऐकून सालेहाभाभी ओढणी सावरत बाहेर, त्यांचे मालक गुलाम रसूलभाई एका गालाला साबण लावलेले, हातात वस्तरा. गल्लीच्या तोंडाशी क्लास आहे, तिथली अख्खी बॅच जिना उतरून रस्त्यावर आली आणि मागून सर ओरडत होते की गणित अर्धं राहिलंय. सगळे वर बघत उभे. घरं जागच्या जागी. गुलाम रसूलभाई म्हणाले, "भाभी, कौनसा तांब्या गिरा?" त्यांना आवाजावरून ओळखू येतं.

मग मोजदाद झाली, तसा आमच्याकडे रिवाजच पडलाय. सगळे होते. दयानंद नव्हता.

दारातून आत पाहिलं तर तो होता तिथेच, पाटीवर वाकलेला. मी हाक मारली. दुसरी मारली. तिसऱ्या हाकेला म्हणाला, "अं? काही नाही आत्या, अप्पांचा फोन होता." आणि परत वाकला.

दादा, हसायचं इथे संपतं. गुरुबसप्पांनी बशी ओट्यावर ठेवली. मला वाटलं सांडलेल्या चहाबद्दल काही म्हणतील. ते म्हणाले, "माझी थोरली बहीण किल्लारीकडं दिली व्हती. त्या पहाटं ती भायेर आली व्हती, शेजाऱ्यांनी बघितलं. नवरा लई गाढ झोपायचा. त्याला उठवायला परत आत गेली." एवढंच बोलले. केवळाबाईंनी पदर तोंडाला लावला. मग गुरुबसप्पा म्हणाले, "पगार, कंपनी, सगळं बरं हाय. पण माझी लेक ज्या घरात निजंल तिथं हाक मारली तर उठणारा माणूस पायजे." आणि चपला शोधायला लागले.

मी देवाचं नाव घेतलं आणि आत जाऊन दयानंदाच्या हातातली पाटी काढून घेतली. तेव्हा कुठे तो बाहेर आला आणि काय चाललंय हे त्याला कळलं. तो खोटं बोलला नाही, हे मी त्याच्या बाजूने लिहिते. म्हणाला की मोबाईल थरथरताना मी पाहिला, चमचा सरकतानाही पाहिला, भूकंप नाही हे मला माहीत होतं म्हणून उठलो नाही. गुरुबसप्पा म्हणाले, "पाहिलं, तर सांगायचं न्हाई का? म्हातारा माणूस मी, पायरीवरनं पडलो असतो." यावर त्याने आधी पायरीकडे बघितलं. मग म्हणाला, "बरोबर आहे. सांगायला हवं होतं. लक्ष पाटीत होतं." केवळाबाई आमच्या यांना हळूच म्हणाल्या की बाप्ये सगळे असेच, एखाद्याच्या हातात पाटी असते, एखाद्याच्या पेपर. यांनी माझ्याकडे बघितलं. मी बघितलं नाही.

या सगळ्यात पुनम आत गेली होती ती पाटी घेऊन बाहेर आली. म्हणाली, "हे बंद नाही पडलेलं. बटण दाबलं की एक सेकंद पुढे जातं आणि परत थांबतं. कुणी हात लावला तरच चालतं." आणि दाबून दाखवलं. केवळाबाई म्हणाल्या, "याला बी सारखं ढोसायला लागतं व्हय?" दयानंद अंगणातच मटकन बसला, कपाळाला हात लावला आणि म्हणाला, "खूण राहिली." म्हणजे तीच, गजर दुसऱ्या घड्याळाकडे सोपवायची खूण, जी निजवणाऱ्याने करायची, म्हणजे यानेच. कचेरीत पाटीला कायम तारा लावलेल्या, त्या तारांतून दर घडीला कुणी ना कुणी हाक मारतच असतं, त्यामुळे ती इतकी खोल कधी गेलीच नव्हती. इथे तारा निघाल्या आणि पहिल्यांदा गाढ निजली, आणि उठवणारं कुणी नाही. लातूरच्या लोडशेडिंगचा कुणाला फायदा झाल्याचं हे माझ्या माहितीतलं एकमेव उदाहरण.

आता जरा बारकाईने वाचा, कारण सगळं यावर अडलंय. गुरुबसप्पा चपला घालून उभे होते, पण गेले नाहीत. त्यांनी विचारलं, "मग ज्याला उशीर चालत न्हाई त्यानं काय करायचं तुमच्यात?" चांगला प्रश्न होता. दयानंद म्हणाला, त्याची सोय आहे. समजा यंत्रावर गाणं चालू आहे, प्रोसेसर उशिरा उठला तर गाणं मध्येच तुटेल. तर गाण्याने आधीच सांगून ठेवायचं की मला एवढ्यापेक्षा जास्त उशीर खपणार नाही. ते सांगणं आहे तोवर प्रोसेसरने त्याखालच्या पायरीला जायचंच नाही, मग कितीही बचत बुडो. "पण सांगावं लागतं," तो म्हणाला, "आपोआप नाही कळत." गुरुबसप्पा काही म्हणायच्या आत पुनम म्हणाली, "मग माझं सांगून ठेवते. पहिल्या हाकेला." आईवडिलांदेखत, अंगणात, गुलाम रसूलभाई साबण लावून उभे असताना. केवळाबाईंनी तिला चिमटा काढला. दयानंदाचे कान लाल झाले आणि तो म्हणाला, "हो." मग तिच्याकडे बघून, "पहिल्या."

गुरुबसप्पांनी चपला काढल्या आणि उरलेला सुशीला मागितला. (जास्त भिजवला होता ते बरं झालं.) जाताना मला बाजूला घेऊन म्हणाले, "पोरगं लबाड न्हाई. पोरीच्या मनात दिसतंय. उदगीरचं एक स्थळ दारात बसलंय, त्यांना मी सोमवारपर्यंत थांबवतो. तोवर तुमच्याकडनं पक्का शब्द येऊ द्या." उदगीरचा मुलगा डॉक्टर आहे, दादा. त्यांनी तो थांबवलाय.

आणि तेव्हापासून दयानंदाचा पत्ता नाही. संध्याकाळच्या गाडीने गेला तो गेला. मी फोन केला तर मागे कीबोर्ड वाजतोय आणि हा, "हं आत्या. बघतो आत्या." काय बघतो? मुलगी बघून झाली. अंगणात सगळ्या गल्लीसमोर हो म्हणून गेला आणि आता शब्द द्यायची वेळ आली तर खालच्या पायरीला जाऊन बसला. मी रोज पूजेत त्याचं नाव घेते, पण सिद्धेश्वराला बेंगळुरूचा पत्ता देऊन भागणार नाही. तेव्हा त्याला उठवणारं माणूस तुम्हीच. बाप म्हणून दोन कडक शब्द त्याला लिहा, की मुलगी शहाणी आहे, घर चांगलं आहे, मुकाट्याने शब्द दे. वहिनींना विचारून मुहूर्ताचंही बघून ठेवा.

यांचा तुम्हाला नमस्कार. वहिनींना माझा नमस्कार, शेवया उत्तम.

आपली आज्ञाधारक बहीण,
शिवकांता

ता. क. पत्र घडी करून पाकिटात घालत होते तेवढ्यात पुनम दळण घेऊन खाली आली. मी सहज म्हटलं, तुझ्या त्या निजलेल्याला उठवायला त्याच्या वडिलांना पत्र लिहिलंय. ती हसायला लागली. म्हणाली, "काकू, ते कुठं झोपलेत? मंगळवारी खूण दुरुस्त झाली तेव्हा पहिलं मेल मलाच आलं." त्यानंतर रोज येतं. त्याचा होकार तिला केव्हाच कळलाय. मला "बघतो" म्हणायचा तेव्हा मागे जो कीबोर्ड वाजायचा तो तिलाच लिहिणं चालू असल्याचा होता. तेव्हा वर दयानंदाबद्दल जे काही लिहिलंय ते रद्द समजावं. पानं भरून झाली होती आणि कागद महाग आहे, म्हणून तसंच पाठवते.

ता. क. मग पक्का शब्द का येत नाही असं मी तिला विचारलं. तिने आधी सांगितलं नाही, मी दळणाचा डबा धरून ठेवला तेव्हा सांगितलं. त्याने लिहिलंय की अप्पांना त्या रात्री गाडीतूनच फोनवर विचारलं, अप्पा "विचार करून कळवतो" म्हणाले, आणि परत विचारायची हिंमत होत नाही. दादा, वयाने मोठे आहात, मी काही बोलू नये. पण सगळ्या प्रकरणात आता एकच माणूस जागं व्हायचं राहिलंय. तो डॉक्टर उदगीरला वाट बघतोय आणि तो तुमच्या गुडघ्यासारखा तीन दिवाळ्या थांबणारा नाही. तुमच्या मनात काही खोट असेल, क्लासमध्ये शिकवणारी सून नको असेल, मेडिकलचा नंबर हुकलेली नको असेल, तर तसं स्पष्ट लिहा, मी तेही गुरुबसप्पांच्या कानावर घालीन. पण माझं मत विचाराल तर ती मुलगी दोन वर्षं माझ्या माडीवर आहे आणि ती एकदाही दिवा चालू ठेवून क्लासला गेल्याचं मला आठवत नाही. यापेक्षा जास्त मी कुणाबद्दल लिहू शकत नाही.

ता. क. वैशाखात माडीवरची तिची खोली रिकामी होईल. तुमच्याकडे कुणाची मुलगी बारावीसाठी लातूरला यायची असेल तर सुचवा, शाकाहारी असावी. पण ते नंतर. सोबत पोस्टकार्ड घातलंय, त्यावर माझा पत्ता लिहून ठेवलाय, तुम्ही मागच्या बाजूला एकच शब्द लिहायचा आहे. खाली सही करा, गुरुबसप्पांना दाखवायला लागेल. विचार करायला घेऊ नका. शनिवारच्या डाकेत मिळेल असं, उलट टपाली कळवा.